दापोड्यात हरवलेले मेंदूचे सेल

आमच्या सांगलीची माणसं फिरायला म्हणजे कोकणात जातात, गोव्याला जातात, फारच हौस आली तर केरळला. भिवंडीला जाऊन आले असं सांगितलं की समोरचा आवाज खाली आणून विचारतो, "कुणाचं काय झालं?" मी मध्यंतरी भिवंडीला जाऊन आले. पोटभर जेवले, अंगाला हळद लावून घेतली, वरातीशिवाय नाचले आणि ट्रकच्या केबिनमध्ये बसून परत आले. कुणाचं काही झालं नाही. होता होता राहिलं, तेच सांगायचं आहे.

आधी गेले का, ते. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि केस पिकायला लागल्यावर पीएचडीला बसले आहे. माझा संशोधनाचा विषय ऐकला की पाहुणे पावसापाण्याचं बोलायला लागतात, म्हणून थोडक्यात सांगते. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. त्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट धरून बसतात की रक्तातलं वाटेल ते मेंदूत शिरू शकत नाही. पण अंगात कुठं जोराचा दाह झाला, अगदी फुप्फुसात झाला तरी, रक्तात अशी काही रसायनं सुटतात की हे अस्तर सैल पडतं आणि नको ते आत झिरपतं. जिवंत माणसाच्या डोक्यात डोकावून हे बघता येत नाही. म्हणून आम्ही त्याच जातीच्या पेशी प्रयोगशाळेत, बारीक भोकांच्या पातळ पडद्यावर वाढवतो. पडद्याच्या वर रक्त आणि खाली मेंदू असं मानायचं, वर दाहाची रसायनं टाकायची आणि खाली किती झिरपलं ते मोजायचं. आहे भातुकलीच, पण शिस्तीची.

हा विषय मी हौसेनं घेतलेला नाही. बाबांना न्यूमोनिया झाला आणि तापात ते काहीच्या बाही बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, ताप उतरला की हेही उतरेल. ताप उतरला, छाती साफ झाली, पण बाबा पुरते परत आले नाहीत. मला ओळखतात, माझ्या नवऱ्याला कधी ओळखतात कधी नाही, आणि मध्येच कुठल्याशा जुन्या म्हशीची चौकशी करतात. छातीतल्या आजारानं डोक्यात काय केलं, ते मला कळून घ्यायचं होतं. खरं सांगायचं तर मला राग आला होता. रागाच्या भरात माणसं भांडी आपटतात, मी पीएचडीला नाव नोंदवलं.

पण आमच्या नशिबी ज्या पेशी आल्या त्या मुळातच गळक्या. दाह नको, काही नको, नुसत्या ठेवल्या तरी खाली सगळं झिरपायचं. आमचे मार्गदर्शक सर शांत माणूस, पण तेही एक दिवस म्हणाले, "वैशालीबाई, पुरे आता. मातीतले जिवाणू घ्या, सुटा." शेवटचा उपाय म्हणून मी परदेशातल्या एका संशोधक बाईंना लिहिलं. त्यांच्याकडे घट्ट बसणाऱ्या पेशी होत्या. बाई निवृत्त होत होत्या, प्रयोगशाळा बंद व्हायची होती. त्यांनी उरल्यासुरल्या कुप्या थर्माकोलच्या पेटीत, ड्राय आइसमध्ये घालून मला पाठवल्या. त्या पेशी पुन्हा कुठं मिळणार नव्हत्या.

ड्राय आइस वितळत नाही, वाफ होऊन उडून जातो. तो आहे तोवर पेशी गाढ झोपेत. तो संपला की त्या अवेळी जाग्या होणार आणि मरणार. आणि ती पेटी मुंबईत उतरून भिवंडीजवळच्या दापोड्याच्या गोदामात येऊन बसली होती. फोनवर रोज एक गोड आवाज सांगायचा, "मॅम, पार्सल प्रोसेसमध्ये आहे." तो गोड आवाज ऐकून माझं डोकं असं काही तापलं की मी नवऱ्याला म्हटलं, बाबांकडे बघा, मी निघाले.

मंगळवार, दापोडे

सांगलीत गोदाम म्हणजे हळदीचं. आत शिरलं की नाक चुरचुरतं, हमाल नखशिखांत पिवळे. दापोड्यातलं गोदाम पाहिलं आणि मला आपलं मार्केट यार्ड परसातल्या खोपटाएवढं वाटायला लागलं. एकाला लागून एक पत्र्याची अवाढव्य छपरं, मधल्या रस्त्यावर कंटेनरची रांग, आणि त्या रांगेतूनच एक बाई निवांत म्हशी घेऊन चाललेली. आत तर काय विचारू नका. फ्रिज, लंगोट, टीव्ही, शाम्पू, सगळा संसार छतापर्यंत रचलेला. गोदामाच्या या टोकाचा माणूस त्या टोकाला सायकलवर जातो.

तिथं मला भेटला सुपरवायझर अंकुश पाटील. इथलाच, खारबाव गावचा, पस्तिशीचा, कानामागं पेन खोचलेला. पार्सलचा नंबर बघून म्हणाला, "मॅडम, आलंय तर खरं. पण हाय कुठं ते सिस्टीम सांगत न्हाय." आत काय आहे, त्यानं विचारलं. मी बाईमाणूस शिकवण्याच्या धंद्यातली. ऐटीत सांगितलं, बर्फात ठेवलेल्या मानवी मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी. पेशी! वर्गात मी 'सेल' म्हणणाऱ्या पोरांना दुरुस्त करते. अंकुशनं मान डोलावली, बर्फातला माल म्हणजे कोल्डरूमला असणार असं म्हणाला, आणि आम्ही थंडगार खोलीत चीज आणि लशींची खोकी उलथीपालथी करत दुपार घालवली. काही नाही.

मग मी स्वतःच कामगारांना विचारत सुटले. बहुतेक पोरं उत्तर प्रदेशातली, बोलणं हिंदी. माझं हिंदी सांगलीचं. ज्याला त्याला गाठून काकुळतीनं सांगत होते, "भैया, मेरी पेशी है. यहींच है. आज नहीं मिली तो मेरा सब खतम." आणि गंमत बघा, सकाळी चहा विचारणारी पोरं मी दिसले की खोक्यांच्या मागं व्हायला लागली. इसरार नावाचा एक पोरगेला माणूस, माल लावणारा, तो तर मला बघून ट्रकच्या पलीकडूनच सटकला. मला वाटलं, काय ही माणसं, बाईमाणूस रडकुंडीला आलंय आणि यांना पाझर नाही.

संध्याकाळी भिवंडी गावात एका लॉजवर उतरले. भिंतीपलीकडं लूम चालू, खटक खटक खटक, आणि खिडकीच्या गजावर कापसाचं पीस चिकटलेलं. लॉजच्या मालकाला म्हटलं, हा आवाज थांबतो कधी? तो म्हणाला, "बंद पडला तर आम्हाला झोप येत नाही, मॅडम." त्यानं समोरच्या हॉटेलातून खिमा आणि गरम नान मागवून दिला. आमच्याकडं तिखट म्हणजे लाल. इथं हिरव्या मिरचीनं काम केलं होतं आणि बेमालूम केलं होतं. नाकाडोळ्यातून पाणी आलं. त्यात पेशींसाठी किती आणि मिरचीसाठी किती, देव जाणे.

बुधवार, खारबाव

सकाळी पुन्हा गोदाम, पुन्हा तेच. दुपारच्या सुमारास मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि तक्रार नोंदवा, उत्तर येईल, असं इस्त्री केलेल्या आवाजात सांगितलं. मी न भांडता तक्रार लिहून दिली. मला ओळखणाऱ्यांना हे वाचून आश्चर्य वाटेल. बाहेर येऊन एका रिकाम्या पॅलेटवर बसले. सरांना फोन करून जिवाणूंचं कबूल करायचं, एवढंच डोक्यात होतं.

अंकुशची शिफ्ट सुटली होती. तो म्हणाला, तुमची गाडी संध्याकाळची, तोवर उपाशी बसू नका, घरी चला. मी नको नको म्हणत त्याच्या मोटरसायकलवर बसले. खाडीकडची ओली हवा, रस्त्याच्या एका अंगाला भाताची खाचरं आणि दुसऱ्या अंगाला गोदामांची नवी कुंपणं. खारबावला त्याच्या घरापुढं मांडव घातलेला, बायकांची धावपळ. त्याच्या चुलतभावाची, विकीची, त्याच संध्याकाळी हळद होती.

अंकुशच्या आईनं मला नखापासून केसापर्यंत बघितलं आणि काही न विचारता ताट वाढलं. तांदळाच्या भाकऱ्या, पांढऱ्याशुभ्र, मऊ. आम्ही ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली माणसं, हातात घेतली तर वाटलं ही भाकरी नव्हे, रुमाल आहे. सोबत खाडीतल्या निवट्यांचं कालवण. निवटे म्हणजे चिखलात उड्या मारणारे बोटभर मासे. मी वर्गात त्यांचं चित्र काढून श्वसन शिकवते. खाल्ले कधी नव्हते. पहिला घास घेतला आणि माझे डोळे भरून आले, माशामुळं नव्हे.

"जेव गं पोरी," काकू म्हणाल्या. "रडायचं तर भरल्या पोटानं रड."

मग मी सगळं सांगितलं. बाबांचं, तापाचं, झिरपणाऱ्या अस्तराचं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि सरळ विचारलं, "मंग ह्या तुझ्या कामानं तुझा बाप बरा होल का?"

पाच वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. परीक्षकांनी नाही, सरांनी नाही, नवऱ्यानं तर नाहीच. मी म्हटलं, "नाही काकू. बाबा नाही होणार. पुढं कुणाचे तरी बाबा होतील, झाले तर."

"बरं," त्या म्हणाल्या आणि आणखी एक भाकरी वाढली.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. साडेअकरा. म्हटलं, वा, अजून वेळ आहे, आणि आरामात बोट चाटत बसले. मग लक्षात आलं की गोदामातून निघतानाच बारा वाजून गेले होते. काकूंचा मोर्चा लगेच लेकाकडं वळला. घड्याळाचा सेल संपून किती दिवस झाले, हळदीचं घर, पाहुणे येणार, आणि घड्याळ मेलेलं. "गोदामात खोल्या भरून सेल ठेवतो हा," त्या मला म्हणाल्या, "आन् घरी एक आणवत न्हाय."

अंकुश हसत म्हणाला, "आई, त्या सेलच्या खोलीत आमाला पण जाता येत न्हाय. नऊ नंबरचा माल हाय तो, आगीचा."

माझा घास हातातच राहिला. नऊ नंबर? धोक्याच्या मालाला खोक्यावर चौकोनी शिक्का असतो, त्यात नंबर असतो, एवढं मला ठाऊक होतं, कारण पाठवणाऱ्या बाईंनी पेटीचा फोटो धाडला होता. त्या फोटोत ड्राय आइससाठी शिक्का होता. नऊ. आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरात, इंग्रजीत, काय लिहिलं होतं? ह्यूमन ब्रेन सेल्स. ड्राय आइस.

"पाटील," मी म्हटलं, "तुमच्याकडं पेशीला काय म्हणतात?"

"पेशी म्हंजे?"

"सेल. मेंदूचे सेल. ब्रेन सेल."

अंकुशनं भाकरी ताटात ठेवली. "ब्रेनचे सेल? नऊ नंबर? वर ड्राय लिवलंय?" तो उठलाच. "मॅडम, ते ड्राय सेल म्हणून बॅटरीत गेलं. ब्रेन म्हंजे कंपनी वाटली असंल कुणाला."

आम्ही हात न धुता निघालो म्हटलं तर खोटं ठरेल, काकूंनी हातावर पाणी घालूनच सोडलं. पण दापोड्याला पोचेपर्यंत मी मोटरसायकलवर मागं बसून अखंड बोलत होते आणि काय बोलत होते ते मला आठवत नाही.

बॅटरीच्या खोलीला जाळीचं दार, बाहेर लाल बादल्या. अंकुशनं आत जाऊन सगळी मांडणी बघितली. पेटी नव्हती. मग त्यानं इसरारला हाक मारली. इसरार आला, मला बघून पुन्हा माघारी वळायला लागला. अंकुशनं त्याला दंडाला धरलं आणि विचारलं, थर्माकोलवाला सेलचा डबा कुठाय?

"सेल?" इसरारचा चेहरा उघडला. "मैडम सेल ढूँढ रही हैं? मैं तो समझा पेशी है."

"पेशी म्हणजे सेलच की रे बाबा!"

"नहीं मैडम. हमारे यहाँ पेशी कोर्ट में होती है."

अगं बाई. मी दोन दिवस गोदामभर फिरून सांगत होते की माझी कोर्टात तारीख आहे, इथंच आहे, आणि आज झाली नाही तर मी संपले. कोर्टाच्या लफड्यातल्या बाईशी कोण बोलेल? मीही बोलले नसते. अंकुश खोक्यावर बसून हसला, इसरार आधी घाबरून आणि मग खरंच हसला, आणि मला हसू येत होतं पण पेटी अजून मिळाली नव्हती.

"डब्बा कहाँ है, भैया?"

इसरारचं हसू थांबलं. डबा बॅटरीच्या खोलीत लावला तोच त्याच्या झाकणाच्या फटीतून धूर यायला लागला, म्हणाला. आणि बॅटरीच्या खोक्यातून धूर आला की इथला नियम पक्का: विचारत बसायचं नाही, खोकं बाहेर न्यायचं आणि वाळूत पुरायचं. नाहीतर एक पेटलं की सगळं पेटतं. त्यानं नियमाबरहुकूम माझ्या पेशी वाळूत पुरल्या होत्या. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, समोर वाळूचा ढीग दिसत असताना.

मागच्या अंगाला, पत्र्याच्या सावलीत, विटांच्या हौदात वाळू. आम्ही तिघं फावडं, घमेलं आणि हातांनी उकरायला लागलो. पेटी वर आली तेव्हा मला झाकण उघडवेना. अंकुशनं उघडलं. आत कुप्यांच्या भोवती ड्राय आइस शिल्लक होता. मूठभरच, खडीसाखरेएवढे तुकडे, पण होता. वाळूनं आणि सावलीनं त्याला जपलं होतं. पाण्यात बुडवायचा नियम असता तर सगळा खेळ आटोपला असता. मी इसरारचे दोन्ही हात धरले. त्या बिचाऱ्याला अजूनही मी कोर्टात नेते की काय अशी शंका असावी.

आता प्रश्न, नवा ड्राय आइस आणायचा कुठून? हा मूठभर सांगलीपर्यंत टिकणं शक्यच नव्हतं, आणि आसपास विचारलं तिथं उद्या या, असं उत्तर. अंकुश डोकं खाजवत होता, इसरार म्हणाला, "शादी में धुआँ छोड़ते हैं ना, वही बर्फ?" अंकुशनं कपाळावर हात मारला. विकीची हळद! नवरदेव धुरातून येणार म्हणून मांडववाल्यानं सकाळीच पेटीभर आणून ठेवला होता.

तर आम्ही पुन्हा खारबावला, पेटी माझ्या मांडीवर. विकी म्हणजे तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा, पिवळा कुर्ता, डोळ्यांवर गॉगल. ही धुरातली एंट्री त्यानं महिनाभर घोकली होती, मोबाइलवर मित्रांना दाखवली होती. अंकुश त्याला बाजूला घेऊन समजावत होता. पोराचा चेहरा पडला, मला दिसला. मी म्हणणारच होते की राहू द्या. तेवढ्यात काकू मधे आल्या आणि त्याला एवढंच म्हणाल्या, "तिचा बाप आजारी हाय." आता मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की बाबांना याचा उपयोग नाही. त्यांना ते पक्कं आठवत होतं. माझ्याकडं न बघता बोलल्या त्या.

विकी गॉगल काढून माझ्याजवळ आला. "न्या ताई. धूर काय, डीजे तर हाय ना." आणि अट घातली की हळद लावल्याशिवाय जायचं नाही.

पेटी काठोकाठ भरून मी मांडवात उभी राहिले, आणि बायकांनी मला गालांपासून कोपरांपर्यंत पिवळी केली. आमच्याकडं हळद म्हणजे पाटावर बसून पाच सवाष्णी, संपलं. इथं अख्खं गाव नाचतं, आज्या नाचतात, आणि ढोल छातीत वाजतो. मी हळद चिमटीत घेऊन वास घेतला आणि म्हटलं, ही आमच्याकडची नाही, रंग उडालाय हिचा. एक आजी म्हणाल्या, "मंग पाठीव की तिकडून." विकी धुराशिवायच आला, दोन्ही हात पसरून, आणि पोरांनी अशा शिट्ट्या मारल्या की धुराची कुणाला आठवण झाली नाही. मला झाली. मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या आणि मग नाचलेही, कारण कृतज्ञता दुसऱ्या कशानं दाखवावी ते सुचेना.

अंकुशच्या ओळखीचा एक ट्रक कोल्हापूरकडं निघणार होता, तो मला घ्यायला फाट्यावर थांबला. ड्रायव्हर म्हणाला, पेटी केबिनमध्ये घ्या. मी पेटी मागं, मालात बांधायला लावली, कारण या बर्फाची वाफ बंद केबिनमध्ये साठली तर आपण दोघंही कायमचे झोपू. तो सांगलीपर्यंत काच खाली ठेवून बसला.

सांगली

पेशी वितळवून बशीत टाकल्यावर काही करता येत नाही. वाट बघायची. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर बऱ्याचशा मेलेल्या, वर तरंगत होत्या. सरांनी वही मिटली. मी बशी हलवली, काठाकडं सरकवली, आणि तिथं काही तळाला धरून होत्या, पाय पसरून बसल्यासारख्या. त्याच वाढल्या. काही दिवसांनी पडद्यावर त्यांचं सलग अस्तर झालं. वर रंग टाकला, खाली पाणी स्वच्छ. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग दुसऱ्या पडद्यावर दाहाची रसायनं टाकली, आणि त्याच घट्ट पेशी हळूहळू एकमेकींना सोडायला लागल्या. खालचं पाणी रंगलं. सर माझं अभिनंदन करत होते आणि मला बाबा दिसत होते, खाटेवर, तापानं फणफणलेले, भलतंसलतं बोलणारे. असंच झालं असणार. मला आनंद झाला होता आणि मी हमसून रडले, दोन्ही एकाच वेळी.

घरी आले तेव्हा बाबा पडवीत बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "बाबा, वाचल्या हो पेशी."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. कोण, काय, त्यांना काही उमगलं नसावं. पण कुणीतरी वाचलं, एवढं कळलं. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"वाचल्या? वा वा," ते म्हणाले. "त्यांच्या घरी कळवलंस का?"

मी म्हटलं, आत्ता कळवते, आणि खारबावला फोन लावला.